पॅनेल गच्चीवर चढली, बिल मात्र अजून सासऱ्यांच्या नावावर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत दुमजली घर. खाली एक आणि वर एक, असे दोन मीटर. खालच्या मीटरचं बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, मंजूर भार (एका वेळी ओढायला मंजूर असलेली वीज) १ किलोवॅट, वापर महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास. एजन्सीनं अर्धे पैसे घेतले, ३ किलोवॅटची सोलर पॅनेल गच्चीवर चढवली आणि आता सोलरचा अर्ज जागचा हलत नाही. एजन्सीवाला म्हणतो, "महावितरणची मंजुरी अडकलीय, तोवर चालू करून टाकू, काय होत नाही." मंजुरी लवकर कशी मिळवायची, असं तुम्ही विचारलंय.

मी परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, कोल्हापूर आणि करवीर भागात सोलरची बरीच कामं केली आहेत. बाकी सगळं बोलूच, पण सिस्टीम चालू करू नका. तुमचा आत्ताचा मीटर नेट मीटर नाही, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नाही. दुपारी घरात वापर कमी आणि पॅनेलवर ऊन भरपूर असतं, तेव्हा उरलेली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. नेहमीचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज आत आली की बाहेर गेली हे बघत नाहीत, जाईल तेवढी वापरातच धरतात. म्हणजे वीज तयार करायची तुम्ही, आणि तिचंच बिल भरायचं तुम्ही. शिवाय लाईट गेल्यावर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारं यंत्र) बंद होतो का, हे तपासायच्या आधीच परवानगीशिवाय लाईनवर वीज सोडली की खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो. एजन्सीला सांगा, इन्व्हर्टरमधून घराकडे येणाऱ्या एसी बाजूचा एमसीबी, म्हणजे खटका, बंदच राहील. जमलं तर त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवा.

आता मंजुरीकडे वळू. बहुतेकांची समजूत अशी की कोणीतरी इंजिनिअर येणार, ट्रान्सफॉर्मर बघणार, मग होय-नाही सांगणार. घरगुती कामात ते दिवस गेले. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल तर तांत्रिक तपासणीशिवाय तो मंजूर झाला असंच धरायचं. त्यासाठी लागणारी भारवाढही वितरण कंपनीनंच करायची. ५ किलोवॅटपर्यंतच्या सिस्टीमसाठी लाईन किंवा ट्रान्सफॉर्मर मजबूत करावा लागला तर तो खर्चही कंपनीचा. तुमची सिस्टीम ३ किलोवॅटची, म्हणजे या सगळ्यात बसते.

मग अडलंय कुठं? "अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल तर" या अटीत. तुमचा अर्ज पूर्ण नाही. ग्राहक क्रमांक सासऱ्यांचा, मोबाईल आणि आधार मिस्टरांचं, बँक खातं बहुधा तुमचं किंवा मिस्टरांचं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेच्या पोर्टलला ग्राहकाचं नाव महावितरणच्या नोंदीतून मिळतं. तिथं वारलेल्या माणसाचं नाव येतं. करारावर सही त्यांची हवी, अनुदान जाणार ते खातंही त्यांच्याच नावाचं हवं. हे जुळायचं कसं? एजन्सीनं मंजुरीचं नाव पुढं केलं, पण गाठ बिलावरच्या नावात आहे. ती पॅनेल चढवायच्या आधी सुटायला हवी होती. आता उशीर झालाय खरा, पण बिघडलं काही नाही.

नाव बदलण्याचा अर्ज महावितरणच्या वेबसाईटवरून करता येतो, शाखा कार्यालयात जाऊनही करता येतो. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, मिस्टरांची ओळख, घराचा पुरावा आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं संमतीपत्र लागतं. घराच्या पुराव्यासाठी ताज्या घरफाळ्याची पावती किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड चालतं. घरफाळाही अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल, पेठेतल्या निम्म्या घरांत असतोच, तर संमतीपत्राचं वजन वाढतं.

संमतीपत्रापाशी काम कशामुळे थांबतं ते मी पाहिलंय. दीर किंवा नणंद सही करायला कचरतात. त्यांना वाटतं, वहिनी वीजबिलाच्या आडून घर नावावर करून घेतेय. त्यांना स्पष्ट सांगा की वीजबिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे एवढंच त्यातून कळतं, घरातला कोणाचा हिस्सा त्यानं कमी होत नाही. मी तर संमतीपत्रातच तसं एक वाक्य घालायला लावतो. ते वाक्य वाचलं की पेन लगेच हातात घेतात.

त्या मीटरवर थकबाकी आहे का, तेही बघून घ्या. आणि त्याच घराच्या पत्त्यावर चुलत सासऱ्यांच्या वगैरे नावानं एखादा जुना, कायमचा बंद केलेला मीटर असेल तर त्याची बाकीही विचारा. कुणी वापरत नाही म्हणून तो सगळे विसरतात, आणि नवा अर्ज गेला की तोच समोर येतो.

नावासोबत भारवाढही मागून घ्या. नियमानं ती कंपनीनं करायची आहे, हे वर सांगितलंच. तरीही माझ्या कामात मी ती आधीच करून घेतो. सोलरच्या अर्जासोबत भारवाढ गेली की तिच्या पैशांची मागणी निघते, ती कोणाच्या मोबाईलवर आली कळत नाही, भरायची राहते आणि अर्ज तिथंच बसतो. आधी १ चा ३ किलोवॅट करून घेतला, पुढच्या बिलावर तो छापून आला, की वाद उरत नाही. महाराष्ट्रात सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून ३ हा आकडा बिलावर दिसायलाच हवा. इतक्याला सिंगल फेज पुरतो, उगाच थ्री फेज घेऊ नका.

जुना अर्ज तसाच पुढं जाईल की रद्द करून नवा भरावा लागेल, हे तो कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. तुमचा नुसता नोंदणीपाशी असेल तर मी नवाच भरीन. दुरुस्त्यांच्या मागं लागण्यात वेळ जातो.

आता दोन मीटरचं. एजन्सीनं तुम्हाला हे सांगितलेलं दिसत नाही. सोलर ज्या मीटरला जोडला त्याच मीटरच्या बिलात फायदा मिळतो. वरच्या मजल्याचं बिल होतं तेवढंच राहतं. ३ किलोवॅटची सिस्टीम वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण १२ युनिट देते, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या घरात. तुमचा खालचा वापर अडीचशे. खालच्या मीटरपुरतं बघितलं तर २ किलोवॅटमध्ये काम भागलं असतं. अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, मिळून जास्तीत जास्त ७८ हजार. त्या ७८ हजाराच्या आकड्यावर बोट ठेवून सगळ्यांना ३ किलोवॅटच विकला जातो.

वर भाडेकरू असेल तर वरचा मीटर आहे तसा राहू द्या, त्याच्या बिलाचं त्याच्याकडे. वर तुमचंच कोणी राहत असेल, तर वरचं कनेक्शन बंद करून सगळं घर खालच्या मीटरवर घेण्याचा विचार करा. एरवी दोन मीटर ठेवण्यात फायदा असतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात, वापर वाटला गेला की दोन्ही बिलं खालच्या टप्प्यात राहतात. सोलर आला की हे गणित उलटतं. सोलर तुमच्या वापरातले सर्वांत महाग युनिट आधी कापतो, मग वापर एका जागी गोळा झालेला बरा. वरच्या मीटरचा स्थिर आकारही वाचतो. मात्र हे नाव बदलायच्या वेळीच ठरवा. तेव्हा भार १ चा ३ करायचा की ४, हेही एकदाच ठरतं. घराचं वायरिंग पेठेतलं जुनं असेल तर वरचा भार खाली आणण्याआधी मेन केबल बदला.

जास्तीच्या युनिटांचं काय होतं, हे लोक हमखास विचारतात. ते पुढच्या महिन्यात जमा होतात, ३१ मार्चला हिशेब संपतो. त्या दिवशी शिल्लक उरलेले युनिट कंपनी विकत घेते, पण तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा खूप कमी दरानं. आपल्याकडे हे वर्ष एप्रिलला सुरू होतं ते चांगलंच आहे. एप्रिल-मेच्या उन्हाची शिल्लक जून ते सप्टेंबरला कामी येते. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको, आषाढात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. तेव्हा जुलैचं पहिलं बिल बघून "सोलर चालत नाही" म्हणून घाबरू नका. जानेवारी ते मार्चची शिल्लक मात्र वाया गेल्यातच जमा, म्हणूनच गरजेपेक्षा मोठी सिस्टीम मी कोणाला सुचवत नाही.

तुमच्या गल्लीत २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं होतं असं तुम्ही लिहिलंय. तर इन्व्हर्टर कुठं बसवलाय ते आत्ता जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी वायर वाचावी म्हणून तो जिन्याखाली, मीटरच्या शेजारी लावतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याला पाठ असतात. त्या दोन्ही वर्षी पाणी ४३ च्या किती वर गेलं ते भिंतीवरची खूणच सांगेल. इन्व्हर्टर आणि पॅनेलच्या वायरी येतात तो डीसीचा डबा त्या खुणेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर हवा. यात वीज वाचवण्यापेक्षा जीव वाचवण्याचा भाग मोठा आहे. पूर आला की कंपनी लाईन बंद करते, इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, पण गच्चीवरून खाली येणाऱ्या डीसी वायरीत दिवस असेपर्यंत वीज असतेच. पॅनेलवर उजेड पडतोय तोवर ती वायर जिवंत. ती पाण्यात बुडलेल्या डब्यात आली तर काय होईल, सांगायला नको. म्हणून माझ्या कामात डीसी बंद करायचा खटका मी गच्चीच्या दाराशी देतो. पाणी चढायला लागलं की वर जाऊन तो पाडायचा, मग घर सोडायचं.

मीटरही खाली असेल तर तो वर घेण्याची हीच वेळ. नेट मीटर बसवताना जुना मीटर निघणारच आहे. जागा बदलायचा अर्ज त्याच वेळी द्या, नाहीतर पुन्हा वेगळा खर्च आणि वेगळी खेप.

एक गैरसमज जाता जाता. लाईट गेली की सोलर चालणार नाही. बॅटरी नसलेली सिस्टीम लाईनच्या आधारावरच चालते. महापुरात चार दिवस वीज नव्हती तेव्हा गच्चीवर पॅनेल असून लोक मेणबत्त्या शोधत होते. त्या वेळी वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. तो खर्च प्रत्येकाला झेपतोच असं नाही, आणि घ्यायलाच हवा असंही नाही.

एजन्सीकडून आता काय मागायचं ते सांगतो, कारण अर्धे पैसे अजून तुमच्या हातात आहेत आणि तुमचा जोर तेवढाच. अनुदानासाठी पॅनेल देशी सेलचीच लागतात, त्याला डीसीआर म्हणतात. त्याचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक पॅनेलचा सिरीयल नंबर लेखी घ्या. पॅनेल चढली असली तरी काचेच्या आत कडेला नंबर दिसतो, गच्चीवर जाऊन यादीशी ताडून बघा. डीसीआर नसलेल्या पॅनेललाही नेट मीटर मिळतो, पण अनुदान जातं, आणि हे शेवटच्या टप्प्यावर कळलं तर भांडायला फार उशीर झालेला असतो.

अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि वीज पडली तर त्या लाइटनिंग अरेस्टरचं. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी सोडलेल्या दिसल्या तर काम नाकारा. नेट मीटरचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत की नंतर वेगळे मागणार, हेही लिहून घ्या. राहिलेल्या रकमेपैकी एक भाग मीटर बसून पहिलं बरोबर बिल येईपर्यंत स्वतःकडेच राखून ठेवा. पॅनेल चढवली म्हणजे काम झालं, असं एजन्सीला वाटणं साहजिक आहे. तुमच्यासाठी काम तेव्हा होतं, जेव्हा बिल उतरतं.

अनुदान तुमच्या म्हणजे मिस्टरांच्या खात्यात थेट येतं. "आमच्या खात्यात घेऊ आणि बिलातून वजा करू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

म्हणजे क्रम असा धरा: बिलावरचं नाव, थकबाकी, भारवाढ आणि वरच्या मीटरचा निर्णय, मग अर्ज, मग मीटर. यात अर्ज पाचव्या जागी आहे. एजन्सीनं तो पहिल्या जागी ठेवला.

नेट मीटर बसवायला माणसं येतील त्या दिवशी घरात कोणीतरी समजूतदार माणूस हवा. आधी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचे फोटो मोबाईलवर घ्या. मीटर बदलल्याच्या कागदावर तेच आकडे आहेत का बघा. मग तपासणी होते. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद झाला पाहिजे. आपल्याकडच्या भाषेत, खटक्यावर बोट आणि जाग्यावर पलटी. लाईन परत दिली की तो थोडा वेळ थांबून, लाईन नीट आहे याची खात्री करून मगच सुरू होतो. तो उशीर म्हणजे बिघाड नव्हे.

मग माझी एक साधी चाचणी. चांगलं ऊन असताना घरातले सगळे पंखे, फ्रिज, टीव्ही बंद करा, फक्त सोलर चालू ठेवा. आता नेट मीटरचा डिस्प्ले बघत राहा. त्यावर वेगवेगळे आकडे आळीपाळीनं येतात. एक्स्पोर्टचा आकडा वाढला पाहिजे आणि इम्पोर्टचा जागचा हलता कामा नये. इम्पोर्ट वाढताना दिसला तर मीटरच्या वायरी उलट्या लागल्यात, माणसं घरात आहेत तोवरच सांगा. ती निघून गेली की तेच काम तक्रारीत बदलतं.

पहिल्या बिलावर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकडे आलेत का बघा. मीटर बदलला पण बिलाच्या यंत्रणेत तो नेट मीटर म्हणून चढलाच नाही, असंही होतं. मग एक्स्पोर्टचा रकाना रिकामा येतो आणि महिनाभर दिलेली वीज हिशेबात येत नाही. अशा वेळी मीटर बसवल्याच्या दिवशीचे फोटो घेऊन शाखा कार्यालयात जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक ठेवा. तोंडी सांगून आलात तर ते कुठंच लिहिलं जात नाही. नाव बदलण्याच्या अर्जालाही हेच लागू. त्यातून उत्तर नाही आलं तर उपविभाग, तिथून ताराबाई पार्कातलं विद्युत भवन, आणि त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मंचासमोर वकील लागत नाही, पोच असलेले कागद मात्र लागतात.

नाव बदलण्याचा अर्ज उद्याच टाका. तोवर एजन्सीला डीसीआरचं प्रमाणपत्र मागा. ते द्यायला त्यानं टाळाटाळ केली तर इथं परत लिहा, मग पुढचं वेगळ्या पद्धतीनं बघावं लागेल.